मातीतल्या माइटचं बारसं

पालापाचोळ्यातून निघालेला एक माइट तुमच्या सूक्ष्मदर्शकाखाली आहे. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, चिंचोक्यासारखा तपकिरी आणि गुळगुळीत. हाताशी असलेली पुस्तकं चाळून झाली, ओळख पटवायची कोष्टकं दोनदा तपासून झाली, तरी तो कशातच बसत नाही. अशा वेळी छातीत धडधडतं आणि ‘नवीन प्रजाती’ हे शब्द ओठांवर येतात. ते आणखी काही महिने ओठांवरच राहू द्यात. त्या महिन्यांत काय करायचं आणि कोणत्या क्रमानं करायचं, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. प्राणिशास्त्राचे आणि कृषी कीटकशास्त्राचे विद्यार्थी, लहान गावांतल्या महाविद्यालयांतले प्राध्यापक आणि पावसाळ्यात भिंग घेऊन रानात हिंडणारे हौशी अभ्यासक माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

माइट म्हणजे काय, हे मराठी माणसाला फार समजावून सांगावं लागू नये. मृगाच्या सरी पडल्या की ओल्या जमिनीवर लाल मखमलीचे ठिपके चालू लागतात. तो मृगाचा किडा माइटच आहे. त्याला आपण किडा म्हणत आलो, पण पाय मोजले तर आठ भरतात. कोळी, विंचू, गोचीड यांच्या गोतातला हा जीव. मात्र मृगाचा किडा त्या गोतातला राक्षस म्हणायचा. मातीतले बहुतेक माइट बारीक मिठाच्या कणापेक्षा मोठे नसतात. आजवर जगभरातल्या ५०,०००हून अधिक माइट-प्रजातींची वर्णनं झाली आहेत आणि त्यांतल्या सुमारे ११,००० एकट्या ओरिबॅटिड गटातल्या आहेत. ओरिबॅटिड म्हणजे कठीण कवचाचे, संथ चालीचे, कुजकी पानं आणि बुरशी खाऊन त्यांची माती व्हायला हातभार लावणारे माइट. पालापाचोळ्यात सगळ्यांत जास्त गाठ त्यांच्याशीच पडते, म्हणून पुढचं बरंचसं मी त्यांना धरूनच सांगणार आहे.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. प्रजातीचं वर्णन आपण स्वतःसाठी लिहीत नाही आणि पदवीसाठीही लिहीत नाही. पन्नास वर्षांनी कुणी अनोळखी माणूस ब्राझीलमध्ये किंवा भुदरगड तालुक्यात दुसराच एखादा माइट घेऊन बसलेला असेल आणि त्याला प्रश्न पडेल, ‘हा तोच का?’ तुमचे शब्द, तुमची चित्रं आणि तुम्ही जपून ठेवलेला नमुना यांवरून त्याला उत्तर मिळालं पाहिजे. तुम्ही तेव्हा फोनवर उपलब्ध नसाल. पुढच्या सगळ्या सूचना त्या माणसासाठी आहेत.

कुठं शोधायचं?

नवीन प्रजाती म्हटलं की घनदाट जंगल डोळ्यांसमोर येतं. देवराया आणि घाटमाथ्यावरची राई यांतून नक्कीच पुष्कळ मिळेल, पण तेवढ्यावर अडून बसू नका. २०१४ साली अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतल्या सॅम्युएल बोल्टन या संशोधक विद्यार्थ्यानं आणि त्याचे प्राध्यापक हान्स क्लोम्पेन यांनी ओस्पेरॅलिकस टेनरफॅगस या माइटचं वर्णन प्रसिद्ध केलं. नुसती प्रजातीच नाही, जीनससुद्धा नवा होता. ही माती आणली कुठून? कोलंबस शहरातल्या त्यांच्याच प्रयोगशाळेसमोरचा रस्ता ओलांडून, सुमारे ५० सेंटिमीटर खोलीवरून. ज्या विद्यापीठात जगभरातले अभ्यासक उन्हाळ्यात माइट ओळखायला शिकण्यासाठी येत असत, त्याच्या दारातली ही गोष्ट आहे. या माइटची लांबी ०.६ मिलिमीटर, शरीर गांडुळासारखं लांबुळकं आणि चालही तशीच, अंग आखडत-पसरत. नाव त्याच्या तोंडावरून पडलं. तोंडाशी बटव्यासारखी घडण आहे आणि तो मऊ अन्न खात असावा, असं त्या लॅटिन-ग्रीक शब्दांतून सुचवलेलं आहे. आपल्या महाविद्यालयामागची पडीक जमीन, उसाच्या बांधावरचा पाचटाचा ढीग, आंब्याच्या खोडावरचं शेवाळ, विहिरीच्या कडेची ओली माती, या जागा कमी लेखू नका.

गोळा करायची रीत सव्वाशे वर्षांत फारशी बदललेली नाही. इटालियन शास्त्रज्ञ अँतोनिओ बर्लीज यांनी १९०५ साली गरम पाण्यानं वेढलेल्या नरसाळ्यात पालापाचोळा ठेवून त्यातले जीव खाली उतरवले. पुढं स्वीडनच्या आल्बर्ट टुलग्रेन यांनी पाण्याऐवजी वर दिवा टांगला. आजही भांड्यांच्या दुकानातलं मोठं नरसाळं, त्यात दोन मिलिमीटर भोकांची जाळी, वर बल्ब आणि खाली अल्कोहोलची कुपी एवढ्यावर काम होतं. बल्ब जुन्या पद्धतीचा, तारेचा घ्या, २५ किंवा ४० वॅटचा. एलईडीचा दिवा उजेड देतो, पण इथं ऊब हवी असते. पाचोळ्याचा थर चार-पाच सेंटिमीटरपेक्षा जाड नको. मातीचा अखंड गोळा कापून आणला असेल तर तो उलटा ठेवा, म्हणजे वरच्या थरातल्या जिवांना त्यांच्याच वाटांनी खाली उतरता येतं. पहिल्या दिवशी दिवा उंच ठेवा आणि रोज थोडा खाली आणा. एकदम तापवलं तर ओरिबॅटिडसारखे संथ जीव वाटेतच वाळून मरतात. पाच-सात दिवस धीर धरा. आणखी एक साधी युक्ती: पाचोळा भरताना नरसाळ्याखाली नुसता कागद ठेवा, सुटी माती त्यावर पडून जाऊ द्या आणि मगच कुपी लावा. नाहीतर अख्खा आठवडा चिखलातून माइट वेचण्यात जातो. ओस्पेरॅलिकससारख्या खोल मातीतल्या, अंगानं नाजूक माइटसाठी मात्र हे नरसाळं पुरत नाही. तिथं माती पाण्यात कालवून, धुऊन आणि गाळून जीव वेगळे काढावे लागतात.

कुपीत ७० ते ८० टक्के अल्कोहोल चालतं. पुढं डीएनए तपासायचा विचार असेल तर त्याच जागेचा दुसरा नमुना ९५ टक्क्यांच्या वरच्या अल्कोहोलमध्ये घेऊन थंड जागी ठेवा.

चिठ्ठी

कुपीतल्या चिठ्ठीवर मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यांत जास्त काम इथंच वाया गेलेलं मी पाहिलं आहे. एका महाविद्यालयाच्या कपाटात मला एकदा माइटनी भरलेल्या चाळीस कुप्या दाखवण्यात आल्या. कुणीतरी वर्षभर जिवापाड मेहनत करून त्या भरल्या होत्या. आतल्या चिठ्ठ्या बॉलपेननं लिहिलेल्या होत्या. अल्कोहोलनं शाई खाल्ली होती आणि कुपीत निळसर पाणी आणि कोरा कागद उरला होता. काही कुप्यांना बाहेरून चिकटपट्टी लावून नाव लिहिलं होतं. त्या पट्ट्या गळून कपाटाच्या तळाशी पडल्या होत्या. त्या चाळीस कुप्यांत एखादी नवीन प्रजाती असेलही, पण तिचं वर्णन आता कुणालाही करता येणार नाही, कारण ती कुठली हेच सांगता येत नाही.

चिठ्ठी कुपीच्या आत टाका आणि ती पेन्सिलनं किंवा पक्क्या इंडिया इंकनं लिहा. राज्य, जिल्हा, तालुका, गाव, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, कशातून घेतलं, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव, एवढं तिच्यावर हवंच. तारखेतला महिना रोमन अंकांत लिहायची माइटवाल्यांची जुनी रीत आहे. तिचं कारण सरळ आहे. आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकेत महिना आधी लिहितात. नुसतं ‘७/८’ लिहिलं तर परक्या माणसाला ते जुलै की ऑगस्ट, हे कळायला मार्ग नाही.

‘कशातून घेतलं’ हे नेमकं लिहा. ‘माती’ हा शब्द पुरेसा नाही. आंब्याखालचा पाचोळा, कातळावरचं शेवाळ, मेंढ्या बसवलेलं शेत, असं लिहा. कधी कोणती नोंद कामी येईल, सांगता येत नाही. शेळ्या-मेंढ्यांच्या आतड्यात मोनिएझिया नावाचा पट्टकृमी होतो. त्याची अंडी लेंड्यांबरोबर कुरणात पडतात, पण ती थेट दुसऱ्या मेंढीला बाधत नाहीत. होरेस स्टंकार्ड यांनी १९३७ साली दाखवून दिलं, की मधला मुक्काम ओरिबॅटिड माइटच्या पोटात असतो. माइट अंडी गिळतो आणि मेंढी गवताबरोबर माइट गिळते. आपल्या धनगरांच्या चराऊ माळांवर नेमके कोणते माइट राहतात, हा केवळ संग्रहालयातला प्रश्न नाही. प्रजातीला नाव नसेल तर हा प्रश्न धड विचारताही येत नाही.

खरंच प्रौढ आहे ना?

आता माइटकडे वळू. पहिली शंका अशी घ्या, की हे पिल्लू तर नाही? ओरिबॅटिड अंड्यातून बाहेर येतो तेव्हा त्याला सहाच पाय असतात. पुढं निम्फच्या तीन अवस्था पार करून तो प्रौढ होतो. निम्फला आठ पाय असतात, पण कित्येक प्रजातींत तिचं रूप आईबापांशी अजिबात जुळत नाही. कवच मऊ, रंग फिका, पाठीवर जुन्या कातींची चळत. अशा निम्फना पूर्वीच्या शास्त्रज्ञांनीही वेगळ्या प्रजाती समजून वेगळी नावं दिली होती. आम्ही एकदा तीन आठवडे एका ‘नव्या’ माइटची चित्रं काढत होतो. त्याच कुपीच्या तळाशी, अर्धवट टाकलेल्या कातीतून बाहेर येणारा एक प्रौढ सापडला आणि सगळं उलगडलं. तो तर त्या भागातला नेहमीचा माइट निघाला. जननद्वाराच्या झडपा पूर्ण तयार झाल्या आहेत का, हे आधी पाहा.

दुसरी शंका: मी एकाच नमुन्यावर भिस्त ठेवतो आहे का? एखाद्या माइटच्या डाव्या बाजूला एक रोम जास्त आणि उजव्या बाजूला कमी, असं निसर्गात होतच असतं. एकुलता एक नमुना असेल तर ही विकृती की वैशिष्ट्य, हे ठरवता येत नाही. त्याच जागी पुन्हा जा. शक्यतो दहा-बारा प्रौढ हाती येईपर्यंत वर्णनाला हात घालू नका, नर आणि मादी दोन्ही मिळतात का ते पाहा. काही ओरिबॅटिडमध्ये नर जवळपास नसतातच, माद्याच माद्यांना जन्म देतात. तसं आढळलं तर तेही नोंदवा.

गडद रंगाचा माइट आहे त्या स्थितीत पाहून काहीच कळत नाही. तो लॅक्टिक ॲसिडमध्ये ठेवा. काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत, आतलं सगळं विरघळून कवच काचेसारखं पारदर्शक होतं. मग खोलगट स्लाइडच्या खळग्यात लॅक्टिक ॲसिडच्या थेंबात तो ठेवून खळगा कव्हरस्लिपनं अर्धाच झाका. आता कव्हरस्लिप बोटाच्या टोकानं केसभर सरकवली की माइट कुशीवर वळतो, आणखी सरकवली की उताणा होतो. पाठ, कूस, पोट, तोंड अशी एकाच प्राण्याची चारी अंगं पाहता येतात. हा हात बसायला महिनाभर लागतो, पण एकदा बसला की कायमस्वरूपी चिकटवलेल्या, चपट्या झालेल्या स्लाइडकडे परत जावंसं वाटत नाही. मेसोस्टिग्मॅटा गटातल्या मऊ आणि चपट्या माइटसाठी मात्र हॉयरच्या द्रावणातली स्लाइडच सोयीची पडते. त्या द्रावणात क्लोरल हायड्रेट असतं, म्हणून हातमोजे घाला, आणि स्लाइड वाळली की कडांना नेलपॉलिशसारखा लेप द्या, नाहीतर आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेत ती पाणी शोषून बिघडते.

इथंच एक प्रयोग जरूर करून पाहा. पोलरॉइड पडद्याचे दोन तुकडे घ्या, एक स्लाइडखाली आणि एक वर धरा आणि वरचा फिरवत जा. पार्श्वभूमी काळी होईल त्या क्षणी ओरिबॅटिडच्या अंगावरचे रोम चांदीच्या तारांसारखे उजळतात. मेसोस्टिग्मॅटाचे किंवा गोचिडीचे रोम काळेच राहतात. हा भेद फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रांस्वा ग्रांजाँ यांनी १९३०च्या दशकात ओळखला. ते मूळचे खनिजांचे अभ्यासक, त्यामुळे ध्रुवित प्रकाशात दगड पाहायची त्यांच्या डोळ्यांना सवय होती. तीच नजर त्यांनी माइटकडे वळवली आणि माइटच्या दोन मोठ्या शाखा वेगळ्या करायची एक पक्की खूण हाती आली. रोमांना अक्षरांनी आणि आकड्यांनी ओळखायची जी पद्धत ओरिबॅटिडचे अभ्यासक आज वापरतात, तीही ग्रांजाँ यांचीच.

काय पाहायचं, काय लिहायचं?

शरीराची लांबी कुशीवरून मोजा, तोंडाच्या टोकापासून पाठीच्या मागच्या कडेपर्यंत. रुंदी पाठीवरून, जिथं सर्वांत जास्त भरेल तिथं. सगळी मापं मायक्रोमीटरमध्ये द्या. प्रत्येक भिंगासाठी मोजपट्टी स्टेज मायक्रोमीटरशी आधी ताडून घ्या, दुसऱ्यानं लावून ठेवलेल्या आकड्यांवर विसंबू नका. मुख्य नमुन्याचं माप वेगळं लिहा आणि बाकीच्यांची किमान-कमाल मर्यादा वेगळी.

मग रोम. डोक्याच्या ढालीवर ठरावीक जोड्या असतात आणि त्यांतली एक जोडी वाटीसारख्या खळग्यातून उगवते. तिला सेन्सिलस म्हणतात. हवेची हालचाल टिपणारा हा अवयव असून ओरिबॅटिडची ओळख पटवताना नजर आधी त्याच्याकडेच जाते. कुणाचा सेन्सिलस गदेसारखा, कुणाचा चातीसारखा मधे फुगलेला, कुणाचा पिसासारखा, तर कुणाचा नुसता धागा. त्याचा आकार, लांबी आणि त्यावरचे काटे शब्दांत नीट पकडा. पाठीवरच्या रोमांच्या जोड्या मोजा आणि ते नसतील तर त्यांच्या बुडाची भोकं मोजा. कवचातले सच्छिद्र पट्टे, फटी, पृष्ठभागावरची नक्षी पाहा. पोटाकडे पायांच्या बुंध्याजवळचे, जननद्वारावरचे आणि गुदद्वाराभोवतीचे रोम मोजा. शेवटी पाय. एकेका सांध्यावरचे रोम आणि पोकळ संवेदी रोम मोजणं हे सगळ्यांत किचकट काम, आणि बहुतेक जण इथंच घाई करतात. पन्नास वर्षांनंतरच्या माणसाला नेमका पहिल्या पायाच्या टोकावरचा आकडाच हवा असू शकतो. आठ पायांपैकी एका बाजूचे चार पाय शांतपणे, दोन वेगवेगळ्या दिवशी, मागचा आकडा न पाहता मोजा. दोन्ही दिवसांचे आकडे जुळले तरच लिहा.

चित्र हातानं काढा. ड्रॉइंग ट्यूब मिळाली तर उत्तम, नसेल तर छायाचित्रावर पातळ कागद ठेवून किंवा संगणकावर गिरवूनही काम भागतं. छायाचित्रात एकाच पातळीवरचं स्पष्ट दिसतं. चित्र काढताना तुम्ही भिंग खालीवर करत प्रत्येक रोम कुठून उगवतो ते स्वतःच्या डोळ्यांनी ठरवता. ज्या रोमाबद्दल खात्री नाही, तो अंदाजानं काढू नका. प्रत्येक चित्राखाली मोजपट्टी द्या.

लिहिताना दोन भाग वेगळे ठेवा. एक ‘डायग्नोसिस’, म्हणजे ही प्रजाती इतरांपेक्षा कशामुळं वेगळी, हे चार-सहा ओळींत. दुसरं सविस्तर वर्णन, ज्यात दिसलेलं सगळं क्रमानं येतं. वर्णनाची भाषा तुटक चालते, क्रियापदं नसली तरी बिघडत नाही. विशेषणं मात्र मोजून वापरा. ‘लांब रोम’ याला अर्थ नाही. ‘शेजारच्या रोमाच्या बुडापर्यंत पोचणारा, ४८ मायक्रोमीटरचा’ असं लिहिलं तर कुणालाही ताडून पाहता येतं.

वेगळा कुणापेक्षा?

‘मला माहीत नाही’ आणि ‘कुणालाच माहीत नाही’ यांत फार अंतर आहे, आणि ते वाचनानंच ओलांडता येतं. जीनस कोणता हे ठरलं की त्या जीनसमधल्या जगातल्या सगळ्या प्रजातींची यादी करा. माद्रिदच्या लुईस सुबियास यांनी ओरिबॅटिडची जागतिक यादी २००४ साली प्रसिद्ध केली आणि पुढं ती अद्ययावत होत राहिली. सुरुवात तिथून करावी. मग एकेका प्रजातीचं मूळ वर्णन मिळवा. फक्त भारतातल्या प्रजातींशी तुलना करून थांबू नका. माइट वाऱ्यानं, पाण्यानं, रोपांच्या कुंडीतल्या मातीबरोबर कुठंही जातात आणि तुमचा ‘नवीन’ माइट शंभर वर्षांपूर्वी जावामधून वर्णिलेला निघू शकतो. जुनी वर्णनं फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि लॅटिनमध्ये आहेत. पुष्कळशी बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. स्वतः बर्लीज यांनी केलेली कित्येक वर्णनं चार-दोन ओळींचीच आहेत. त्यांवरून काही ठरत नाही, मग फ्लॉरेन्सला जपून ठेवलेल्या त्यांच्या स्लाइडकडेच जावं लागतं. बर्लीज यांच्या चार ओळींनी पुढच्या लोकांना किती हेलपाटे घालायला लावले, हे पाहिलं की आपण सविस्तर का लिहायचं, ते कळतं.

तज्ज्ञाला छायाचित्रं पाठवून विचारायला संकोच करू नका. २०२१ साली ऑस्ट्रियाचे टोबियास फिंगस्टल आणि जपानचे सातोशी शिमानो यांनी अमेरोनोथ्रस ट्विटर या माइटचं वर्णन केलं. जपानमधल्या चोशी बंदराच्या काठावरचे हे माइट एका हौशी छायाचित्रकारानं टिपून ट्विटरवर टाकले होते आणि शिमानो यांच्या नजरेला ते पडले. मात्र त्या चित्रावर वर्णन झालं नाही. बंदरावरून नमुने आणून, कापून-तपासून मगच झालं.

डीएनएबद्दल थोडक्यात. शक्य असेल तर जरूर करा, डीएनएचा क्रम जेनबँक या सार्वजनिक संग्रहात जमा करा आणि कवच शाबूत राहील अशीच पद्धत निवडा. पण तुलनेसाठी ज्या जुन्या प्रजाती आहेत, त्यांतल्या बहुतेकांचा डीएनए कुणी तपासलेलाच नाही. रोम मोजण्यातून त्यामुळं सुटका होत नाही.

नाव

आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २०००पासून लागू आहे. तिच्यानुसार नव्या नावापुढं ते नवीन आहे असं स्पष्ट लिहावं लागतं, मुख्य नमुना, शक्यतो एकच, म्हणजे होलोटाइप, नेमून द्यावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहालयात आहे किंवा ठेवला जाईल, हे छापावं लागतं. यांतलं एक राहिलं तरी नाव ग्राह्य धरलं जात नाही. नाव रोमन लिपीतच लिहावं लागतं, त्यामुळं ‘ळ’ आणि ‘ण’ असलेल्या गावांची नावं घेताना उच्चार किती उरतो, याचा आधी विचार करा.

व्याकरण आपल्याला जड जाऊ नये. आपण काळा, काळी, काळं म्हणतो, लॅटिनमध्ये त्याचंच नायजर, नायग्रा, नायग्रम होतं. जीनसचं लिंग पाहून विशेषण बदलायचं. गावाच्या नावावरून ‘-एन्सिस’ करतात, नपुंसकलिंगी जीनससाठी ‘-एन्से’. पुरुषाच्या नावाला ‘-आय’, स्त्रीच्या नावाला ‘-ए’. गायिका जेनिफर लोपेझ यांच्यावरून २०१४ साली पोर्तो रिकोजवळच्या समुद्रातल्या एका माइटचं नाव लिटारॅक्ना लोपेझे पडलं, ते याच नियमानं. ‘ट्विटर’सारखं नाम तसंच ठेवलं तर ते बदलत नाही. त्या जीनसमध्ये तेच नाव आधी कुणी वापरलेलं नाही ना, हे पाहा. स्वतःचं नाव देऊ नका. माझं मत विचाराल, तर प्राण्याच्या अंगावरची खूण किंवा तो सापडला ती जागा नावात यावी. नाव ऐकून पन्नास वर्षांनंतरच्या माणसाला काहीतरी दिसलं पाहिजे.

आणि हे नाव छापून येईपर्यंत बाहेर काढू नका. पीएच.डी.च्या प्रबंधात, परिषदेच्या सारांशात किंवा भित्तिपत्रकावर टाकलेलं नाव संहितेच्या दृष्टीनं प्रसिद्ध झालेलं नसतं, पण ते फिरत राहतं आणि पुढं घोळ करतं. प्रबंधात ‘प्रजाती १’ असं लिहा.

परवानगी आणि जमा करणं

अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात मूठभर मातीसाठीसुद्धा वनखात्याची लेखी परवानगी लागते. देवराईत जाण्याआधी गावातल्या जाणत्या मंडळींना भेटा, पुजाऱ्याला सांगा, काय नेतो आणि कशासाठी नेतो हे समजावून द्या. नमुने परस्पर पोस्टानं परदेशी तज्ज्ञाकडं पाठवू नका, त्यासाठी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आहेत. २००२च्या जैविक विविधता कायद्याच्या ३९व्या कलमानुसार, नवीन प्रजाती सापडली तर ती नेमून दिलेल्या संस्थेला कळवणं आणि तिथं नमुने जमा करणं बंधनकारक आहे. प्राण्यांसाठी अशी प्रमुख संस्था म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण. तिचं मुख्यालय कोलकात्यात आणि पश्चिम प्रादेशिक केंद्र पुण्यात, आकुर्डीला आहे. होलोटाइप तिथं द्या, नोंदणी क्रमांक घ्या आणि तो निबंधात छापा. महाविद्यालयाच्या कपाटात होलोटाइप ठेवायचा मोह टाळा. ज्या प्राध्यापकाच्या जिव्हाळ्यानं ते कपाट जपलं जातं, ते निवृत्त झाले की किल्ली कुणाकडं असते, हे तुम्हीही पाहिलं असेल. उरलेले नमुने, म्हणजे पॅराटाइप, दोन वेगळ्या संस्थांत विभागून द्या, म्हणजे एका ठिकाणी पाणी शिरलं किंवा आग लागली तरी दुसरीकडं शिल्लक राहतात.

निबंधासाठी झूटॅक्सा, ॲकॅरोलॉजिया, इंटरनॅशनल जर्नल ऑफ ॲकॅरॉलॉजी किंवा प्राणी सर्वेक्षणाची ‘रेकॉर्ड्स’ यांसारखी नियतकालिकं पाहा. पैसे भरले की आठ दिवसांत छापून देतो म्हणणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. फक्त इलेक्ट्रॉनिक रूपात निघणाऱ्या नियतकालिकात छापणार असाल, तर झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत नोंदवहीतली नोंद आधी झालेली आणि निबंधात छापलेली असली पाहिजे, ती नसेल तर नाव टिकत नाही. परीक्षक चित्रं परत काढायला सांगतील, तर काढा.

निबंध आला, नोंदणी क्रमांक मिळाला, गावाकडच्या वर्तमानपत्रात बातमीही आली, तरी तुमच्याकडच्या उरलेल्या कुप्या कपाटात मागं ढकलू नका. झाकण कितीही घट्ट असलं तरी अल्कोहोल हळूहळू उडतं आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तर फार लवकर. दर वर्षी उन्हाळी सुट्टी लागण्याआधी सगळ्या कुप्या उजेडात धरून पाहा, कमी झालेलं अल्कोहोल भरा, आणि प्रत्येकीत ग्लिसरीनचे दोन थेंब टाका. एखादी कुपी नजरेतून सुटली आणि अल्कोहोल उडून गेलं, तरी ग्लिसरीनमध्ये माइट ओला राहतो.